फॉर्मला लावायचा फोटो

गुरुवारी नातीचा फोटो शाळेतून परत आला. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मला लावायला तिने दिलेला. क्लार्क बाईंनी त्याला टाचणीने चिठ्ठी लावली होती. फोटो विद्यार्थिनीशी जुळत नाही, शनिवारपर्यंत नवीन आणून द्या, नाहीतर फॉर्म पुढे जाणार नाही.

मुलगा मालाडला गोदामात कामाला, सून अंधेरीला लॅबमध्ये. दोघं सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. दहिसरच्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या खोलीत दिवसभर मी आणि नात. आधी तिघं होतो. जूनमध्ये बायको गेली, तेव्हापासून दोघं. म्हणून चिठ्ठी माझ्या हातात पडली.

चष्मा लावून फोटो बघितला. नाक आमच्या घराण्यातलं नव्हतं. हनुवटी टोकदार, डोळे वाटीएवढे, आणि रंग असा की पोरीने पिठाच्या डब्यात तोंड घातलंय.

"हा कोणाचा फोटो दिलास गं?"

"माझा."

"तुझा? ही बाई आपल्या दारात आली तर मी पाणीसुद्धा विचारणार नाही. ओळखतच नाही तर."

"आजोबा, माझाच आहे. थोडा एडिट केलाय. सगळे करतात."

"सगळ्यांचे परत आले का मग?"

आमच्या घरात रुसायला जागा नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि ओढणीच्या आत मोबाईल उघडला. ओढणीतून निळा उजेड दिसत होता.

मी म्हटलं, "दुसरा दे मग. साधा."

"नाहीये."

"तीन वर्षं दिवसभर स्वतःचे फोटो काढतेस, आणि एक साधा फोटो नाही?"

"नाहीये म्हटलं ना. मी तसे काढतच नाही."

हे मात्र खरं निघालं. मोबाईलमध्ये शेकड्यांनी फोटो, आणि त्यात आमची नात एकाही फोटोत नाही.

"चल मग, उद्या स्टुडिओत जाऊ. दहा मिनिटांचं काम."

"मी नाही येणार."

"आणि फॉर्म?"

"राहू दे. पुढच्या वर्षी बसेन."

माझं डोकंच फिरलं. मी सातवी नापास माणूस. माझ्या बापाला माझी परीक्षा कधी होती तेसुद्धा माहीत नव्हतं. इथे पोरीला गणितात नव्वदच्या वर मार्क, क्लासला पाठवायला सून लॅबमध्ये जादा ड्युटी करते, आणि हिचं वर्ष जाणार ते नाकापायी.

आता थोडं मागचं सांगायला हवं, कारण आमच्या घरात फोटोवरून झालेलं हे दुसरं भांडण. पहिलं तेराव्याला झालं.

बायको गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा फोटोच मिळेना. लग्नातला एक, त्यात मान खाली. रेशनकार्डावरचा एक, तो पुसलेला. मुलाच्या लग्नातल्या अल्बममध्ये ती बऱ्याच फोटोंत आहे, पण जिथे हसलीय तिथे तोंडावर पदर. मला वाटायचं, कोकणातली बाई, लाजते. मुलगा म्हणाला, बाबा, पोरीच्या मोबाईलमध्ये आजीचे फोटो असतील, तिला सांगतो. नातीने कुठूनतरी छापून, फ्रेम करून आणला. तेराव्याच्या दिवशी पाटावर ठेवला, हार घातला. गावाहून माझ्या बहिणी आल्या होत्या, इमारतीतली माणसं होती. मी अंघोळ करून बाहेर आलो आणि बघतो तर पाटावर कोणीतरी शेठाणी बसलीय.

गोरी. गाल गुळगुळीत. मागे निळं आभाळ आणि फुलं. आणि हसतेय, दात दाखवून, अगदी एका ओळीत. माझ्या बायकोच्या पुढच्या दोन दातांत फट होती. चांगली मोठी. अठ्ठेचाळीस वर्षं मी तिच्यासमोर जेवलो, मला ठाऊक नसणार?

बहिणी म्हणत होत्या, "वहिनी काय सुंदर दिसतात गो फोटोत." मी सगळ्यांसमोर नातीवर ओरडलो, "माझ्या बायकोचं तोंड बदलणारी तू कोण? दुसरी आजी आणलीस काय बाजारातून?" पोरगी पांढरीफटक पडली. भटजीसुद्धा थांबले. मग मुलाने माझा दंड धरून मला बाहेर पॅसेजमध्ये नेलं.

त्यानंतर मी चार महिने त्या फ्रेमकडे बघून नमस्कार केला नाही. दिवा सून लावते. मी नातीला दर आठ दिवसांनी म्हणायचो, मूळ फोटो दे, मी नीट करून आणतो. ती म्हणायची, डिलीट झाला. मला तर खरंच वाटायचं की हिने माझ्या बायकोला पुसून टाकलं.

तर शुक्रवारी सकाळी मी परत विषय काढला. ती शाळेत गेली नव्हती. पोट दुखतंय म्हणाली. आठवडाभर रोज काहीतरी दुखत होतं. मी तिच्यासमोर चहा ठेवला आणि समोर बसलो.

"काय ते एकदा बोल. मला शनिवारच्या आत कळलं पाहिजे."

"तुम्हाला नाही कळणार आजोबा."

"मला कापड कळतं, माणूस कळतो. मोबाईल नाही कळत. माणसाचं सांग."

ती कप फिरवायला लागली. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ती मोबाईलवर रील्स टाकते, गाण्यावर ओठ हलवते, हे मला माहीत होतं. तीन सेकंदांचं एकच गाणं ती गॅलरीत उभी राहून वीस वेळा लावते, माझं डोकं उठतं. पण वर्गातल्या कोणीतरी एका ग्रुपवर तिचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. एक रीलमधला, पीठ लावलेला. दुसरा शाळेच्या मैदानावरचा, खेळाच्या तासाला चोरून काढलेला, घामाने निथळणारी, केस विस्कटलेली. खाली लिहिलं होतं, ऑर्डर केलं ते आणि घरी आलं ते. त्याखाली हसणारी तोंडं.

"एकोणचाळीस," ती म्हणाली.

"काय एकोणचाळीस?"

"हसले ते. त्यातल्या दोघी माझ्या बाकावर बसतात."

"तू मोजत बसलीस?"

"रोज मोजते. वाढतायत का बघायला."

"मग बंद कर ना तो मोबाईल!"

"बंद केला की ते हसायचे थांबतील?"

आमच्या काळी कोणी हसलं तर कोण हसलं ते दिसायचं, जाऊन एक ठेवून देता यायची. इथे एकोणचाळीस जणांना कुठे शोधू?

मग माझी जी चूक झाली ती अशी, की मी तिला समजवायला गेलो. मला गोड बोलता येत नाही. कधीच आलं नाही. मी म्हटलं, "नाकाला काय झालंय तुझ्या? दोन भोकं आहेत, श्वास येतो. अगदी आजीवर गेलीयेस तू. तेच नाक, तोच रंग."

"तेच तर ना," ती म्हणाली.

"काय तेच तर?"

"आजीसारखी दिसते. तेच तर."

माझा हात उठला होता. खोटं कशाला सांगू? उठला आणि तिथेच थांबला, कारण ती घाबरली नाही, उलट माझ्याकडे सरळ बघून बोलायला लागली. चार महिन्यांचं साठलेलं.

"तुम्ही मला एडिट करते म्हणून बोलता. तुम्ही काय करायचात दुकानात? ज्याचा खांदा उतरलेला त्याच्या कोटात पॅड टाकायचात ना? पोटवाल्याचा शर्ट पुढून लांब कापायचात. मला तुम्हीच सांगितलंय."

आता मी शिंपी. बोरिवलीला एका दुकानात चाळीस वर्षं मशीनवर आणि कटिंगच्या टेबलावर काढली. हजारो माणसांना टेप लावली. एकाचेही दोन्ही खांदे सारखे नसतात. एक थोडा उतरतोच. आमच्या मालकाचा नियम होता, गिऱ्हाइकाच्या अंगाचं व्यंग तोंडाने बोलायचं नाही. मापाच्या वहीत पेन्सिलीने बारीक खूण करायची. खांदा उतरता असेल तर खाली तोंड केलेला बाण, कुबड असेल तर वाकडी रेघ. दुसरा कारागीर कापायला बसला की त्याला खुणेवरून कळायचं. गिऱ्हाईक आरशात बघून खूश व्हायचं, त्याला कधीच कळायचं नाही. मी हे सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो. नातीलाही सांगितलं होतं.

"तो धंदा होता," मी म्हटलं. "आणि आम्ही कोणाला हसत नव्हतो."

"दुकानात नव्हता हसत."

"म्हणजे?"

"दुकानात नव्हता हसत, आजोबा. घरी?"

मी कप उचलायला गेलो, तिने तो धरून ठेवला.

"आजीला काय म्हणालेलात तुम्ही? लग्नानंतर पहिल्या गणपतीला, गावाला, आत्याआजींसमोर?"

मला आठवेना. खरोखर आठवेना. तिने सांगितलं तेव्हा हळूहळू ओसरी दिसली, आरतीनंतर बसलेल्या बहिणी दिसल्या, आणि बायको, नवीन, एकोणीस वर्षांची, कशावर तरी तोंडभर हसलेली. आणि मी म्हणालो होतो, हिच्या दातांतून एसटी जाईल, घाटातून जाते तशी. सगळे लोळून हसले होते. ती पण हसली होती, असं मला वाटलं होतं. पदर तोंडाला लावून.

मी एकदाच बोललो होतो. म्हणजे ते एकदाच. बाकी काळी, नकटी हे तर रोजचं होतं. हाक मारल्यासारखं. दिवसभर दुकानात दहा-वीस व्यंगं गिळायची आणि घरी येऊन बोलून टाकायची. मला वाटायचं ही माया आहे. तिने कधी नको म्हटलं नाही.

"तुला हे कोणी सांगितलं?"

"आजीने. कोण सांगणार?"

मग तिने जे सांगितलं ते मी तिच्या शब्दांत लिहायचा प्रयत्न करतो. मागच्या होळीच्या आधी एका दुपारी आजी मोरीजवळ मासे साफ करत बसली होती. नातीने काहीतरी बडबड केली, बहुतेक माझीच नक्कल केली, आणि आजी हसली. दोन्ही हात माशांनी बरबटलेले, पदर धरता येईना. नातीने टिपला फोटो. आजी ओरडली, मग हात धुऊन आली आणि म्हणाली, बघूक दी. बघितला आणि तोंड एवढंसं झालं. मग हळूच विचारलं, "ह्या दातातली फट काढूक येता काय गो तुका?"

नातीने बोटाने दोन मिनिटांत काढली. गाल पण साफ केले, मागची मोरी काढून आभाळ लावलं. तिला येतं ते सगळं केलं. आजी कितीतरी वेळ बघत बसली. "ही मीच काय गो?" असं तीन वेळा विचारलं. आणि म्हणाली, "मी मेलंय काय भिंतीवर ह्योच लावा. आणि तो आधीचो फोटो कोणाक दाखवू नको हां. तुझ्या आजोबाक तर मुळीच नाय."

"मग तेराव्याला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कसं सांगणार? आजीला प्रॉमिस केलेलं. आणि तुम्ही ओरडत होता."

मी उठून गॅलरीत गेलो. खाली टेम्पोवाला कोणाचातरी फ्रीज उतरवत होता आणि रिक्षावाले त्याच्यावर हॉर्न मारत होते. मला त्या मोबाईल बनवणाऱ्यांवर राग काढायचा होता. सकाळपासून तयारीत होतो. पण बायकोच्या वेळी कुठे होता मोबाईल? तिच्या वेळी मी होतो. एकोणचाळीस लागले नाहीत, मी एकटा पुरलो.

आत येऊन विचारलं, "म्हणजे आधीचा फोटो डिलीट नाही झालेला?"

"नाही."

"एकदा दाखव."

"नाही दाखवणार आजोबा. सॉरी."

"अगं, नवरा आहे मी तिचा."

"तिने तुमचंच नाव घेऊन नाही म्हटलंय. आता तिला विचारता पण येत नाही. मग मी कसं दाखवू?"

पोरगी रडत होती, पण मोबाईल छातीशी घट्ट धरून. मी हात पुढे केला होता तो मागे घेतला. माझी बायको तोंड उघडून हसतेय असा जगात एकच फोटो आहे आणि तो मला बघायला मिळणार नाही. मिळू पण नये. हे लिहिताना त्रास होतो, तरी लिहितो.

शुक्रवारची दुपार अशीच गेली. जेवलो, भांडी तिने घासली, मी पुसली. चार वाजता मी म्हटलं, "हे बघ. आजीचं मी वाटोळं केलं ते केलं. तू तुझ्या वर्षाचं नको करूस."

"मी कुठे करतेय, ते लोक..."

"ऐक. उद्या फोटो काढायला चल. मी बघणार नाही. काढताना पण नाही, छापल्यावर पण नाही. पाकिटात घाल, क्लार्क बाईंना दे."

"त्या बघतील ना."

"त्यांचं कामच ते. दिवसात तीनशे तोंडं बघतात. त्यांना तुझ्या नाकाशी काय देणंघेणं?"

"तुम्ही खरंच नाही बघणार?"

"नाही."

"आणि बोलणार पण नाही? काही पण?"

हे अवघड होतं. "प्रयत्न करतो," मी म्हटलं.

"प्रयत्न नाही. नाही म्हणजे नाही."

"बरं बाई. नाही म्हणजे नाही."

शनिवारी सकाळी निघालो. ती तोंडाला मास्क लावून. साथ जाऊन किती वर्षं झाली, पण या पोरी मास्क सोडत नाहीत. मला तो आजार वाटायचा, आता कळलं आजार कसला ते. स्टेशनजवळच्या स्टुडिओत ती पडद्यामागे गेली आणि मी दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसलो. स्टुडिओवाला पन्नाशीचा माणूस. आतून त्याचा आवाज, "मास्क काढ... खांदा सरळ... दुसरा खांदा... हसू नको, बोर्डाला हसलेला चालत नाही." मग फट्कन उजेड झाला, तो समोरच्या दुकानाच्या काचेत दिसला. मी मान खाली घातली.

मग तो म्हणाला, "बेटा, चेहरा थोडा क्लीन करून देऊ? रंग उजळवतो, हे डाग घालवतो. फ्री आहे."

पायरीवरून उठलो, त्याला आई-बाप आठवतील असं काहीतरी तोंडाशी आलं होतं. पण मी बोलणार नाही असं कबूल केलेलं. तसाच उभा राहिलो, रस्त्याकडे बघत, मुठी आवळून.

आतून नातीचा आवाज आला, "नको. आमच्या शाळेत चालत नाही."

शाळेच्या ऑफिसात रांग होती. फोटोवरून, सहीवरून, आधार कार्डावरून परत आलेली सगळी मंडळी. मी रांगेच्या बाजूला, नोटीस बोर्डाकडे तोंड करून उभा राहिलो. शाळेतल्या पोरी मागे येऊन उभ्या राहिल्या, एकमेकींत खुसुखुसु. त्यातलीच कोणी एकोणचाळीसातली असेल. मान वळवावी, एकेकीला विचारावं, असं फार वाटत होतं. नोटीस बोर्डावर हरवलेल्या छत्रीची नोटीस होती. ती मी चार वेळा वाचली.

"हां, दे फोटो," क्लार्क बाई म्हणाल्या. पाकिटाचा आवाज झाला. मग फॉर्मची पानं चाळल्याचा.

"मास्क काढ गं. तोंड दाखव."

मागची खुसुखुसु थांबली. मला तिचा श्वास ऐकू आला, विहिरीत उडी मारायच्या आधी पोरं घेतात तसा.

"वर बघ. हां. बरोबर आहे. हीच." आणि स्टेपलर दोनदा वाजला. "पुढचा कोण?"

बाहेर आलो. ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. मास्क मनगटात अडकवलेला, तो परत लावायचा ती विसरली की तिने लावला नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही. कोपऱ्यावर थांबली.

"तुम्ही खरंच बघितला नाहीत?"

"नाही."

"एकदा पण नाही? काचेत पण नाही?"

"अगं नाही म्हटलं ना."

"मग तुम्हाला कळणार कसं कसा आलाय ते?"

आता काय करायचं सांगा अशा पोरीचं! "तूच म्हणालीस बघायचा नाही!"

"मी कुठे म्हणाले? तुम्हीच म्हणालात मी बघणार नाही. मी बोलायचं नाही म्हणाले."

रस्त्यात उभं राहून मी कपाळाला हात लावला. पाकिटात आठ प्रती होत्या, शाळेने दोन घेतल्या. तिने पाकीट उघडून आत बघितलं, लगेच बंद केलं, परत उघडलं. मग त्यातला एक फोटो बाहेर काढून, उलटा धरून, माझ्या शर्टाच्या खिशात घातला.

"घरी गेल्यावर बघा. मी नसताना. आणि काही बोलायचं नाही. चांगलं पण नाही."

"चांगलं पण नाही?"

"चांगलं तर अजिबात नाही. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, लगेच कळतं."

सोमवारी ती शाळेत गेली. पोट दुखत होतं म्हणाली, पण गेली. दार लागल्यावर मी खिडकीपाशी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि फोटो बघितला. बराच वेळ बघितला. कसा आलाय ते मी इथे लिहिणार नाही.